एक्काहत्तर विरुद्ध दोन

माणसं कामाला लावण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. ही फुशारकी नव्हे. आयुष्यभर भिंतींना गिलावा केला, आणि त्यातली निम्मी वर्षं माझ्या हाताखाली माणसं होती. परांचीवर कोणाला चढवायचं आणि कोणाला खाली माल कालवत ठेवायचं, हे मी माणसाच्या चपला बघून सांगत असे. त्यामुळे त्या सुट्टीच्या दिवशी सूनबाईने घाईघाईने केस बांधता बांधता विचारलं, "बाबा, दोन-तीन तास माझा संघ सांभाळाल का?" तेव्हा मला हसूच आलं.

"किती माणसं आहेत?"

"पंचवीस."

"पंचवीस माणसं मी सकाळच्या चहाआधी कामाला लावायचो."

हे एक वाक्य मी गिळलं असतं, तर आज आमच्या बाथरूमला दार असतं.

आधी संघाचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल खरीच पंचवीस माणसं अंगणात येऊन उभी होती. तसं नाही. हा संघ लॅपटॉपच्या आत राहतो. बेसबॉल नावाचा खेळ. आमच्या घरात तो कोणी खेळलेलं नाही, मैदानावर जाऊन पाहिलेलाही नाही. पण सूनबाई आणि तिचा मोठा भाऊ, दादा, गेली काही वर्षं लॅपटॉपवर आपापले बेसबॉलचे संघ चालवतात. मालकाने फक्त ठरवायचं, कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, कोणाला कधी बदलायचं. खेळतो लॅपटॉप. कोणी काय केलं ते तो एकेका ओळीत लिहून दाखवतो.

खेळही अवघड नाही. आपला एक माणूस चेंडू फेकतो, समोरचा दांडक्याने हाणतो आणि पळतो. समोरचे तिघे बाद झाले की त्यांची पाळी संपते, मग आपली माणसं हाणायला जातात. अशा नऊ पाळ्या. यात एक मेख आहे, ती मला नंतर कळली. तिघे बाद झाले नाहीत, तर पाळी संपतच नाही. घड्याळ नाही, जेवणाची सुट्टी नाही, अंधार पडला म्हणून काम बंद नाही. समोरचे हाणतच राहतात.

आता यात पणाला काय लागलं होतं? पोपट.

सूनबाईच्या वडिलांनी पाळलेला पोपट. वडील गेले, पोपट राहिला. त्यांच्या घरी माणसं आठ आणि बाथरूम एक, त्यामुळे वडिलांनी हयातभर एकच वाक्य मनापासून म्हटलं, आणि पोपटाने तेवढंच उचललं. "दार उघडा. आत मेलात की काय?" आवाज हुबेहूब वडिलांचा, खाकरण्यासकट. उजाडायच्या आत सुरू. दोन्ही भावंडांना वडिलांची आठवण प्यारी, पण पोपट नको. म्हणून त्यांनी ठरवलं की वर्षाच्या शेवटच्या सामन्यात जो हरेल त्याने पुढचं वर्षभर पोपट सांभाळायचा. गेल्या वर्षी दादा हरला, पोपट त्याच्या औषधांच्या दुकानात गेला. त्याच्या आदल्या वर्षी तो आमच्याकडे होता. आमच्याकडे म्हणजे माझ्या खोलीत, कारण घरात ऊन येणारी खिडकी माझीच. त्या वर्षी मी इतक्या वेळा दचकून उठलो की शेवटी शेवटी पोपटाच्या आधीच मला जाग येऊ लागली.

तर सामना सकाळी दहाचा. साडेनऊला सूनबाईला हॉस्पिटलमधून फोन आला. ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. दुसरी नर्स आजारी पडली होती, हिला ताबडतोब बोलावलं. तिथे फोन लॉकरमध्ये ठेवून आत जावं लागतं, म्हणजे मग ती कोणालाच सापडत नाही.

"वेळ बदलून घे की," मी म्हटलं.

"वेळ बदलायची नाही असा नियम आहे. मीच केलाय. गेल्या वर्षी दादाने दाढदुखीचं कारण सांगितलं तेव्हा." ती चपलेत पाय घालत म्हणाली. "आणि दुसरा नियम, ज्याचा संघ त्यानेच चालवायचा. दुसऱ्याचा हात लागलेला कळला तर सामना गेला. तेव्हा दादाला काही कळू देऊ नका. आणि बाबा, सोपं आहे. फेकायला तो डावखुरा पोरगा लावा. तो थकला की लॅपटॉप विचारेल, बदलायचा का? 'हो' दाबायचं. तीन चांगले ताजे बसवून ठेवलेत बाकावर."

"वाचता येतं मला."

"माहितीये. मीच शिकवलंय." ती हसली. ते खरं होतं. माझी अक्षरओळख साठीनंतरची, आणि सूनबाईच्या हातची. "आणि बाथरूमचं दार आपटू नका. आतली ती उभी कडी सैल झालीय, आपटलं की आपोआप खाली पडते."

ती गेली. मुलगा सकाळीच त्याच्या गॅरेजवर गेला होता. घरात मी, लॅपटॉप आणि पंचवीस माणसं.

मी आधी माणसं तपासली. कामाला लावण्याआधी माणूस बघायचा ही माझी रीत. प्रत्येकाच्या नावापुढे त्याची माहिती लिहिलेली होती. अक्षरं सूनबाईने मोठी करून ठेवली होती, मी बोट ठेवून वाचत गेलो. डावखुऱ्यापुढे लिहिलं होतं: वय बावीस. वेग प्रचंड. स्वभाव तापट. सरावाला उशिरा येतो.

सरावाला उशिरा येतो! अशा पोराला मी पाणी मारायलासुद्धा ठेवला नसता.

खाली खाली जात अगदी तळाशी आलो, तिथे एकजण सापडला. वय एकेचाळीस. खांदा दुखरा. वेग मंद. स्वभाव शांत. सरावाला सर्वांच्या आधी हजर. या हंगामात एकही सामना खेळलेला नाही.

नाव लांबलचक होतं. मी त्याला म्हातारबा म्हणायचं ठरवलं. एकेचाळीस हे काही म्हातारपण नव्हे, पण त्या पोरांमध्ये तो म्हाताराच. वर्षभर सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसलेला. माझाही उजवा खांदा दुखरा. मी त्याला वर ओढला आणि फेकायला उभा केला. लॅपटॉपने विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, आहे.

आणि तुम्हाला सांगतो, पहिल्या पाळीत म्हातारबाने तिघांना असे गुंडाळले की मी टेबलावर हात मारला. दुसऱ्या पाळीत दादाला एक धाव मिळाली, आमची एक झाली. एक-एक. मी उठून चहा टाकला.

तिसऱ्या पाळीत लॅपटॉपने एक चौकट दाखवली: फेकणारा थकत चालला आहे. बदलायचा? हो. नाही.

इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. एका भिंतीला एकच हात लागतो. ज्याने गिलाव्याला सुरुवात केली त्यानेच ती भिंत संपवायची. मध्येच माणूस बदलला तर दुसऱ्याची थापी निराळी फिरते, हाताचा दाब निराळा बसतो, आणि वाळल्यावर भिंतीवर सांधा दिसतो. रंग दिला तरी दिसतो. थकला म्हणून अर्ध्या भिंतीवरून माणूस उतरवणं हे आमच्यात काम बिघडवणंही आहे आणि माणसाचा अपमानही.

मी 'नाही' दाबलं.

चौथी पाळी दादाच्या माणसांनी सुरू केली. ती कधी संपली ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मधल्या काळात आमच्या घरात बरंच काही होऊन गेलं.

सुरुवातीला ओळी शहाण्यासारख्या येत होत्या. चेंडू टाकला. हाणला. एक धाव. मग त्या भराभर यायला लागल्या. हाणला, दोन धावा. हाणला, तीन धावा. चेंडू कुंपणाबाहेर. चेंडू पुन्हा कुंपणाबाहेर. मी एका ओळीवरचं बोट दुसरीवर नेईपर्यंत चार ओळी वर निघून जात. पळत्या गाडीच्या डब्यांवरचे आकडे वाचावेत तसं झालं. मी शेवटी ओळी सोडून नुसता वरचा आकडा बघायला लागलो. नऊ. चौदा. सतरा. दर थोड्या वेळाने ती चौकट यायची. फेकणारा फार थकला आहे. बदलायचा? नाही. फेकणारा अतिशय थकला आहे. नाही. फेकणाऱ्याला हात उचलवत नाही. इथे मी क्षणभर थांबलो. पण मलाही हात उचलवत नसताना मी छतं केली आहेत. नाही.

तेवढ्यात फोन वाजला. दादा.

"काका, छोटीला द्या जरा." सूनबाईला तो अजून छोटी म्हणतो.

"ती... बाथरूममध्ये गेलीय."

"सामना चालू असताना?"

"आत्ताच गेली."

"बरं. आली की सांगा, दादा म्हणाला पिंजरा धुऊन ठेवलाय." आणि हसत हसत फोन ठेवला. मागून पोपट खाकरलेला मला स्पष्ट ऐकू आला.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. आता तो हसत नव्हता.

"काका, आली का बाहेर?"

"नाही अजून."

"मग लॅपटॉपवर कोण आहे? फेकणारा बदलायचा नाही, बदलायचा नाही, असं सारखं उत्तर येतंय मला इकडे दिसतंय."

"तीच आहे. आत घेऊन गेलीय लॅपटॉप."

"बाथरूममध्ये?"

"हो."

"काका, तिथे पाणी असतं."

"जपून बसली असेल."

दादाने आकडा पाहिला असावा. मग म्हणाला, "सव्वीस विरुद्ध एक झालेत."

"हो का? बघतो... म्हणजे विचारतो तिला."

"काका, मला पाण्याचा आवाज येत नाहीये."

हा माणूस औषधं विकतो. रोज शंभर लोक त्याला खोटी दुखणी सांगत असणार. त्याला फसवायचं तर काम पक्कं हवं. मी फोन टेबलावर ठेवला, बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडला, खाली बादली लावली आणि झटक्यात बाहेर येऊन दार ओढलं. दार आपटलं. आतून 'खट्' असा आवाज आला.

कडी.

मी दार ढकललं. हललं नाही. खांदा लावला, चुकून दुखरा. डोळ्यांपुढे काजवे चमकले, दार तसंच. आत कोणी नाही, नळ धो धो वाहतोय आणि कडी आतून लागलेली. चाळीस वर्षांच्या कामात मी असलं बांधकाम कधी केलं नव्हतं.

फोनवर दादा ओरडत होता, "काका, कसला आवाज झाला?"

"तिने कडी लावली," मी म्हटलं. खोटं तरी नव्हतं. कडी लागली होती.

"काका," दादाचा आवाज एकदम खाली आला, "खरं सांगा. घरात काही झालंय का?"

"छे हो. काय व्हायचंय?"

"मी तिला लहानपणापासून ओळखतो. सापशिडीत हरायला लागली तर पट उलटा करायची. ती असं हरत नाही. एवढं हरायला माणूस आतून मोडावा लागतो. तुम्ही फोन ठेवू नका. स्पीकरवर टाका आणि बाथरूमच्या दाराशी जाऊन बसा. मी दुसऱ्या फोनवरून भाऊजींना गॅरेजवर कळवतो."

तुम्ही म्हणाल, फोन बंद करायचा होता. आता मीही तेच म्हणतो. पण त्या वेळी माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात लॅपटॉप, आणि लॅपटॉप विचारत होता, फेकणारा बदलायचा? मी बाथरूमसमोर स्टूल ओढलं, बसलो आणि 'नाही' दाबलं. दाराखालून पाण्याची एक बारीक ओळ बाहेर यायला लागली होती.

मुलगा दहा मिनिटांत आला. हात ग्रीसने काळे, आणि हातात टायर काढायची लोखंडी टॉमी. दादाने त्याला काय सांगितलं होतं ते मला नंतर कळलं. "तुमची बायको लॅपटॉप घेऊन बाथरूममध्ये कडी लावून बसलीय आणि तीस धावांनी हरतेय, काहीतरी भयंकर घडलंय."

"बाबा, कुठेय ती?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. फोन स्पीकरवर, पलीकडे दादा कान लावून. 'कामावर गेलीय' म्हटलं की सामना गेला आणि पोपट माझ्या खिडकीत. म्हणून मी खुणा केल्या. तोंडावर आडवा हात दाबला, म्हणजे तिचा हॉस्पिटलचा मास्क. मग बोटाने पोट चिरून दाखवलं, म्हणजे ऑपरेशन. मग जोरजोरात बाहेरच्या रस्त्याकडे बोट दाखवलं, म्हणजे तिकडे गेलीय.

मला वाटतं यापेक्षा स्वच्छ खुणा कोणाला करता आल्या नसत्या. पण मुलाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. त्याने पाहिलं ते असं: कोणीतरी तिचं तोंड दाबलं, पोट फाडलं आणि रस्त्याने पळून गेला.

"कधी?" त्याने विचारलं.

मी भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊच्या जागी बोट दाखवलं.

फोनमधून पोपट कडाडला, "दार उघडा. आत मेलात की काय?"

मुलाने टॉमी फटीत घातली. मी दोन्ही हात हलवत होतो, नको नको म्हणत होतो, त्यात लॅपटॉप मांडीवरून सरकायला लागला म्हणून तो धरला, आणि तेवढ्यात दार चौकटीतून सुटलं. नुसतं दार नाही. कडी, बिजागऱ्या, आणि चौकटीच्या बाजूचा माझ्या हातचा हातभर गिलावा. आतलं पाणी आमच्या पायांवरून स्वयंपाकघराकडे निघालं. पायपुसणं त्यावर तरंगत गेलं.

"काय दिसतंय?" दादा ओरडला.

मुलगा दारात उभा. "दादा, आत कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे? खिडकी?"

"खिडकीतून मांजरसुद्धा जात नाही."

"मी निघालो," दादा म्हणाला, आणि फोन एकदाचा बंद झाला.

मग मी मुलाला सगळं सांगितलं. त्याने नळ बंद केला, बादली उपडी केली आणि तिच्यावर बसला. मग त्याने लॅपटॉपकडे पाहिलं.

"कितवी पाळी आहे?"

"चौथीच. अजून एक बाद व्हायचाय."

"बाबा, त्रेसष्ट धावा झाल्यात. बदला की त्या माणसाला."

"अर्ध्या भिंतीवरून माणूस उतरवत नाहीत."

"ही भिंत नाहीये!"

त्याला माहीत नव्हतं असं नाही. माझं शेवटचं काम तो लहानपणी बघायला आला होता. तीन मजली इमारतीचा दर्शनी भाग. अर्ध्यावर खांदा धरला, आणि मुकादमाने मला उतरवून एक तरणा पोर चढवला. चुकलं काही नाही त्याचं. पण अजूनही त्या रस्त्याने गेलो की मी मान वर करून बघतो. सांधा दिसतो. लोकांना दिसत नसेल, मला दिसतो.

मुलाने माझ्याकडे पाहिलं, आणि मग तो फडकं घेऊन पाणी पुसायला लागला. लॅपटॉपवर पुन्हा ती चौकट आली. मी 'नाही' दाबलं. पुढच्याच चेंडूवर म्हातारबाने तिसरा बाद केला. चौथी पाळी संपली.

त्यानंतर मात्र दादाच्या संघाचीच दमछाक झाली. पळून पळून त्यांचे सहाजण जायबंदी झाले. कोणाचा गुडघा, कोणाची पोटरी. इतकं पळायची कोणाला सवय असते? म्हातारबा एका जागी उभा राहून टाकत राहिला, ते येत राहिले आणि लंगडत जात राहिले. आमच्याही एकाने मध्येच कशीबशी एक धाव काढली. नवव्या पाळीचा शेवटचा गडी बाद झाला तेव्हा वर निकाल लिहून आला. एक्काहत्तर विरुद्ध दोन.

बरोबर त्याच वेळी फाटकाशी रिक्षा थांबली. आतून दादा उतरला, विस्कटलेला, घामाने भिजलेला, हातात पोपटाचा पिंजरा. दुकान घाईत बंद केलं, पोपटाला एकटं कसं ठेवणार, म्हणून घेऊन आला. आणि त्याच्या मागून, खांद्याला पिशवी लावून, दमलेल्या पावलांनी सूनबाई चालत आली.

"दादा? तू इकडे कसा?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या अंगावरचा हॉस्पिटलचा निळा वेष पाहिला. मग मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. समोरासमोर दादा कधी आवाज चढवत नाही, फार सभ्य माणूस. "काका," तो म्हणाला, "ही बाथरूममध्ये होती ना?"

"होती म्हणजे," मी म्हटलं, "तसं म्हटलं तर सकाळी होती."

घरात आल्यावर सूनबाईने आधी दार पाहिलं. म्हणजे जिथे ते असायचं ती जागा. मग ओली जमीन. मग नवऱ्याच्या हातातली टॉमी. आणि शेवटी लॅपटॉप. तिथे ती सगळ्यात जास्त वेळ थांबली.

"एक्काहत्तर," ती म्हणाली. "फेकायला कोण होतं?"

"म्हातारबा."

"कोण म्हातारबा?"

मी बोट ठेवून दाखवला.

"याला मी काढून टाकायला विसरले होते," ती हळूच म्हणाली. "बदलला का नाहीत?"

मी ओल्या जमिनीकडे बघायला लागलो. मुलगाच म्हणाला, "सांधा दिसला असता."

सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. पण ती एकदम ताठ झाली आणि दादाकडे वळली.

"दादा, सामना बाबांनी चालवला. दुसऱ्याचा हात लागला. नियमाने हा सामना मी गमावला."

"एक मिनिट," दादा म्हणाला.

"नियम म्हणजे नियम. गमावलेल्या सामन्याचा निकाल नऊ-शून्य लिहायचा. लिही नऊ-शून्य."

तेव्हा मला कळलं. नियम मोडला तर सामना जातो, पण तो नऊ-शून्यने जातो. म्हणजे सकाळी दादाचा पहिला फोन आला तेव्हा मी नुसतं 'ती कामावर गेलीय' एवढं म्हटलं असतं, तरी पोपट येणारच होता. पण अब्रू गेली नसती. गिलावा पडला नसता. दार शाबूत राहिलं असतं.

"छे, छे," दादा म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. "कसला नियम मोडला? काका म्हणजे घरचेच. माझी काहीच तक्रार नाही. निकाल आहे तोच राहू दे. मी तो मोठ्या अक्षरांत छापून दुकानात लावणार आहे, खोकल्याच्या औषधांच्या वर."

"दादा, माझ्यावर दया कर."

"पिंजरा कुठे ठेवू? काकांच्याच खोलीत ना?"

तो पिंजरा ठेवून, चहा पिऊन, दोनदा निकाल डोळे भरून बघून गेला. सूनबाई लॅपटॉप घेऊन बसली. सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूचं मन कसं आहे ते तिथे लिहून येतं. डावखुरा नाराज होता. बाकीचे नाराज होते. दोघांना संघ सोडायचा होता. तिने म्हातारबाचं पान उघडलं आणि मला जवळ बोलावलं.

"वाचा."

मी बोट ठेवलं. मनःस्थिती: अतिशय समाधानी. निवृत्तीचा विचार सोडून दिला आहे. पुढच्या वर्षी प्रत्येक सामना आपणच टाकावा अशी इच्छा.

"आता याला काढू कसा?" सूनबाईने विचारलं.

"काढू नको. मनाला लागेल त्याच्या."

तिने कपाळाला हात लावला. पण काढला नाही. तो अजून आहे. सरावाला सगळ्यांच्या आधी हजर असतो.

चौकटीभोवतीचा पडलेला गिलावा मी परत करायला घेतलाय. अर्धा झालाय, खांदा धरलाय, त्यामुळे नवीन दार बसायचं थांबलंय. मुलगा रोज विचारतो, बाबा, उरलेलं मी करू का? तोवर बाथरूमला पडदा लावलाय. मी सकाळी आंघोळीला गेलो की माझ्या खोलीतून पोपट खाकरतो आणि विचारतो, "आत मेलात की काय?"

दोघांनाही मी पडद्याआडून एकच उत्तर देतो. नाही. ते बटण आता माझ्या हाताला चांगलं बसलंय.